मॉर्च्युरी सायन्स शिकून अंत्यविधीच्या क्षेत्रात करिअर करता येईल का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य, "घरचे म्हणतात प्रेताचं काम कुणीही करतं, त्याला कॉलेज कशाला", ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी सोलापुरात एका मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात टेक्निशियन आहे, एम्बामिंगचं, म्हणजे प्रेत टिकावं म्हणून त्यात औषध सोडायचं काम करतो, आणि हेच वाक्य आमच्या दाजींच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

कोर्सचं आधी सांगतो. मॉर्च्युरी सायन्स म्हणजे मृतदेह सांभाळून अंत्यविधीसाठी तयार करायचं शिक्षण. अमेरिकेत साधारण २ वर्षांचा असोसिएट डिग्री कोर्स, नॅशनल बोर्डाची परीक्षा, अनुभवी माणसाच्या हाताखाली अप्रेंटिसशिप आणि मग त्या त्या राज्याचं लायसन्स. ॲनाटॉमी, एम्बामिंग, बिघडलेला चेहरा नीट करणं, कायदा, हिशेब, दुःखातल्या माणसांशी बोलायचं कसं, सगळं शिकवतात. आपल्याकडे तसली लायसन्सची पद्धत नाही, काम शिकायचं तर मेडिकल कॉलेजचा ॲनाटॉमी नाहीतर फॉरेन्सिक विभाग गाठायचा.

आता दाजींचं. त्यांचे वडील, आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, मे महिन्यात रात्री वारले. सोलापूरचा मे म्हणजे तुम्हाला सांगायला नको. धाकटा मुलगा अमेरिकेत, तो पोचणार परवा. मी तेव्हाच म्हणलं की डॉक्टरांशी बोलतो, विभागात नेऊन एम्बामिंग करून घेऊ, तर दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं ते कॉलेजातल्या प्रेतांचं काम आमच्या घरात नको, बर्फ लावला की झालं." मग बर्फाच्या लाद्या आणल्या, आप्पांना त्यावर सरळ आडवं ठेवलं. आता आम्ही लिंगायत, आमच्यात दफन असतं ते मांडी घालून बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. आणि मेलेलं शरीर काही तासांत ताठ होतं, उन्हाळ्यात तो ताठरपणा एरवी लवकर येऊन लवकर सुटतो पण बर्फात ठेवलं की सुटायचा लांबतो. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वामी आले, बसवायला गेले तर गुडघे वाकेनात. कातडी पाण्याने पांढरी पडलेली, पोट फुगायला लागलेलं, दोघं जण पाय ओढतायत आणि ताई दारात उभी राहून बघतीये. शेवटी ताईच म्हणाली, माझ्या भावाला हात लावू दे.

मी सांधे एकेक करून हलक्या हाताने चोळत वाकवले. असा सोडवलेला ताठरपणा परत येत नाही, पण हे जोर लावून करायचं काम नाही. मांडी घातली, हात मांडीवर घेतले, मगच विभागात नेलं, कारण फॉर्मॅलिन (फॉर्मॅल्डिहाइडचं द्रावण, एम्बामिंगचं औषध) आत गेलं की शरीर ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत घट्ट होतं, आधी इंजेक्शन आणि नंतर मांडी असं चालतच नाही. डॉक्टरांनी मांडीतल्या धमनीतून सोल्युशन सोडलं, मी तोंड मिटवून चेहरा नीट केला, भस्म लावलं. धाकटा आला तेव्हा आप्पा पूजेला बसावेत तसे बसलेले होते. तो खूप वेळ त्यांचा हात धरून बसला. दाजी त्या दिवशी काही बोलले नाहीत आणि वर्षश्राद्धाला पुन्हा पाहुण्यांना सांगत होते, यात काय, कुणीही करतं.

कुणीही करत नाही हो! कुणी शिकवलेलंच नसतं म्हणून पाय ओढतात.

तुम्ही जरूर शिका. विमानाने बॉडी न्यायची तर एम्बामिंगचं सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे काम आहे. पगार सुरुवातीला कमीच, आणि लग्नाच्या बोलणीत अडचण येते, माझ्या वेळीही आली. अजून एक, पोलीस केस असेल तर पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय हात लावायचा नाही. फॉर्मॅल्डिहाइडने कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ते २००४ मध्येच ठरवलंय, तेव्हा मास्क आणि एक्झॉस्ट फॅन नसलेल्या खोलीत काम करूच नका, वरिष्ठ काहीही म्हणू देत. आणि प्रत्येक मयताला एम्बामिंग लागतं असं अजिबात नाही, त्याच दिवशी माती होणार असेल तर गरज नाही.

घरच्यांशी पुन्हा वाद झाला तर त्यांना एवढंच विचारा, आधी मांडी घालायची की आधी इंजेक्शन द्यायचं. आमच्या दाजींना अजून सांगता येत नाही.