प्लूटोचं ग्रहपद गेल्यावर ज्योतिषांनी भाकितं बदलली का?

तुमच्या पत्रिकेत सप्तमात, म्हणजे लग्नाच्या घरात, प्लूटो आहे म्हणून घरचे ठरत आलेलं स्थळ नाकारताहेत, आणि तुम्ही विचारताय की प्लूटो आता ग्रहच नाही, तर ज्योतिषांनी त्याचं फळ रद्द केलं का.

नाही केलं. २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्लूटोला बटुग्रह ठरवलं. त्यावर काही ज्योतिषी म्हणाले, नाव काहीही द्या, प्रभाव तोच. जुन्या वळणाचे म्हणाले, आमचे नवग्रह पुरेसे आहेत. मराठी पत्रिकांत मात्र हर्षल (युरेनस), नेपच्यून, प्लूटो सर्रास मांडलेले दिसतात.

माझा आक्षेप याहून मुळातला आहे. १७८१ मध्ये हर्षल सापडला. पुढे त्याची गती गणिताशी जुळेना. ही तफावत कुणी झाकली नाही. पलीकडे आणखी एक ग्रह असेल, असं धरून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने त्याची जागा कागदावर काढली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ गालेला नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत दिसला. हे ग्रह माणसाच्या आयुष्यावर परिणाम करत असतील, तर त्याआधीच्या शेकडो वर्षांच्या फलादेशांतही अशीच तफावत पडायला हवी होती. पण फळं चुकताहेत म्हणून हिशेब करून ज्योतिषाने ग्रहाची जागा सांगितली आणि तो तिथे सापडला, असं एकही उदाहरण नाही.

आणि कारकत्व, म्हणजे कुठला ग्रह कशाचं फळ देतो हे, कुठून आलं? प्लूटो हे नाव १९३० मध्ये ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने सुचवलं. रोमन पुराणात तो पाताळाचा देव, म्हणून पाश्चात्त्य ज्योतिषांनी त्याला मृत्यू आणि उलथापालथ दिली, वृश्चिक राशी दिली. तेव्हा मिनर्व्हा हेही नाव चर्चेत होतं, पण ते आधीच एका लघुग्रहाला दिलेलं होतं. मिनर्व्हा विद्येची देवी. ते नाव मिळालं असतं, तर सप्तमातल्या याच ग्रहावरून तुम्हाला विद्वान जोडीदार सांगितला असता!

शिवाय प्लूटोला सूर्याभोवती फिरायला २४८ वर्षं लागतात. तुमच्या वर्गातल्या जवळपास सगळ्यांचा प्लूटो त्याच राशीत असणार.

घरच्यांना पुण्यात जयंत नारळीकरांनी घेतलेल्या चाचणीबद्दल जरूर सांगा. पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद एवढंच ओळखायचं होतं. उत्तरं पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचं यश सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकंसुद्धा नाही.

स्थळ आवडलं असेल तर दोघं निवांत भेटा. पैसा, नोकरी, आईवडिलांची जबाबदारी, मुलं यांवर मोकळेपणाने बोला, आणि नकार द्यायचाच झाला तर त्या बोलण्यावरून द्या.