पासवर्ड फुटला नाही, तरी अ‍ॅडमिन खाते आले कुठून?

प्रश्न : नेरूळमध्ये आमचा कॉम्प्युटर क्लास आहे. बारा पीसींवर एमएस-सीआयटी आणि टॅली शिकवतो. मुलांना साधी खाती आहेत, अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त मला ठाऊक. तरी एका पीसीवर अनोळखी अ‍ॅडमिन खाते सापडले. पासवर्ड बदलला. आणखी काय करावे?
– एक क्लासचालक, नेरूळ

उत्तर : नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही, कारण बहुधा तो कुणी फोडलेलाच नाही. विंडोजच्या परवानग्या विंडोज चालू असेपर्यंतच लागू असतात. पेन ड्राइव्हवरून पीसी सुरू केला की डिस्क उघडी पडते आणि सिस्टीमच्या फाइल बदलता येतात. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट पाच वेळा दाबून पाहा. स्टिकी कीजच्या (कळा एकेक करून दाबण्याची सोय) चौकटीऐवजी काळी कमांड खिडकी उघडली, तर त्या सोयीची फाइल बदललेली आहे; त्या खिडकीतून लॉगिन न करताच अ‍ॅडमिन खाते बनवता येते. चौकट नीट उघडली तरी निर्धास्त राहू नका. अशी फाइल काम झाल्यावर परत जागेवर ठेवता येते. त्या पीसीवर डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका. फक्त खाते उडवून आत आणखी काय ठेवले आहे ते कळत नाही.

मग बाराही पीसींवर आधी बायोस, म्हणजे पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी चालणारी मूळ व्यवस्था. तिथल्या सेटिंग बदलण्यासाठी लागणारा सुपरवायझर पासवर्ड घाला, यूएसबी बूट आणि नेटवर्क बूट (पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कवरून पीसी सुरू होणे) बंद करा, टीपीएम (डिस्कच्या कुलपाची किल्ली जपणारी चिप) चालू आहे ना ते बघा. बऱ्याच डेस्कटॉपवर आतला नाण्याएवढा सेल किंवा जंपर काढला की हा पासवर्ड पुसला जातो, म्हणून कॅबिनेटला मागे कडी असेल तर कुलूप लावाच.

बायोस झाल्यावर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती सांकेतिक करून कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. क्रम उलटा केलात तर बायोसमधल्या बदलानंतर पीसी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. प्रत्येक पीसीची की छापून क्लासबाहेर ठेवा. खरा बंदोबस्त हाच: डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी काही वाचता येत नाही. विंडोज होम असेल तर प्रो घ्यावे लागेल. हा खर्च टाळू नये असे आम्हाला वाटते.

बाराही पीसींना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड असेल तर तोही आजच बदला. एका ठिकाणी तो हाती लागला की बाकीचे अकरा आपोआप उघडतात. वेगवेगळे पासवर्ड वहीत लिहून ती वही कुलपात ठेवली तरी चालेल.

एखादे जुने सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनशिवाय चालत नाही म्हणून मुलांना अ‍ॅडमिन करू नका. त्याच्या डेटा फोल्डरवर तेवढी लिहिण्याची परवानगी द्या. प्रोग्रॅमच्या फोल्डरवर मात्र मुळीच नको. तिथली फाइल कुणी बदलली आणि पुढे तुम्ही ती अ‍ॅडमिन म्हणून उघडली, तर तिला तुमचे सगळे अधिकार मिळतात.

आठवड्यातून एकदा इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोजमधल्या घडामोडींची नोंदवही) सिक्युरिटी लॉगमध्ये ४७२० (नवे खाते), ४७३२ (गटात सदस्य वाढला) आणि ११०२ (लॉग पुसला) हे क्रमांक शोधा. ११०२ दिसला आणि लॉग तुम्ही पुसला नसेल, तर तो पीसी त्याच दिवशी नेटवर्कवरून काढा.