बायबलमधल्या गोष्टी ओवीतून, थोडी कल्पना घालून सांगितल्या तर चालतं का?

उपवासकाळातल्या (ईस्टरआधीच्या दिवसांतल्या) प्रार्थनेसाठी शुभवर्तमानातले, म्हणजे बायबलमधल्या ख्रिस्तचरित्रातले, प्रसंग ओवीत बांधायचे आहेत, त्यात वचनात नसलेलं थोडं आपलं आलं तर पाप होईल का, छंद कोणता घ्यावा, आणि सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

चालतं. या किनाऱ्यावर ते चारशे वर्षं चालत आलंय. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघातला धर्मगुरू) 1579 मध्ये गोव्याला आला, साष्टीच्या गावांत राहिला, तिथल्या माणसांची भाषा शिकला आणि 1616 साली रायतूरला त्याचं ख्रिस्तपुराण छापून झालं. जवळपास अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. नवीन ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना कानाला लावून ऐकावं असं काही हवं होतं, म्हणून त्याने ते रचलं. 1649 आणि 1654 मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. पुढे कोकणातच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तायन हे ख्रिस्ताचं काव्यचरित्र सुरू केलं. 1919 मध्ये ते वारले तेव्हा काम बरंच बाकी होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेत धड न गेलेल्या बाईने. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मला एकदा तोंडावर सांगण्यात आलं होतं की हे काम शिकलेल्या धर्मगुरूंचं आहे, बायकांचं नाही.

ती हकीकत सांगते, म्हणजे तुम्हाला पुढे काय ऐकावं लागेल तेही कळेल.

मी वसईच्या किनाऱ्यावरची, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातली. वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. रविवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायचं काम माझ्याकडे होतं, आणि उपवासकाळात संध्याकाळी बायकांची प्रार्थना असायची तीही मीच बघायची. दरवर्षी तेच उतारे, तोच आवाज. बाजारातून टोपली रिकामी करून आलेल्या बायका भिंतीला टेकून बसायच्या आणि दुसऱ्या परिच्छेदाला डुलक्या घ्यायच्या. त्यांना मी कधी दोष दिला नाही. पहाटे तीनला उठलेली बाई अजून काय करणार? पण ह्याच बायका हळदीच्या गाण्यांना रात्रभर जागतात, एक ओळ चुकत नाहीत. तेव्हा ठरवलं की ओवी करून बघायची.

प्रसंग निवडला येशूचा शिष्य पेत्र याच्या सासूचा. मत्तय, मार्क, लूक तिघांनीही तो सांगितलाय आणि तिघांनीही दोन-तीन वाक्यांत उरकलाय. कफर्णहूमला शिमोन पेत्राचं घर, सासू तापाने पडलेली, प्रभू येतो, ताप उतरतो, ती उठून सगळ्यांची सेवा करायला लागते. तिचं नाव नाही, तिच्या तोंडी एक शब्द नाही. मी तिच्या तोंडी ओव्या घातल्या. दोन इथे देते:

धनी आला उंबऱ्यापाशी ।
हात दिला म्हातारीशी ।
ताप गेला कोण्या देशी ।
उठून वाढी जेवण ॥

होडी सोडील, सोडील जाळे ।
दारी रडतील लहान बाळे ।
तरी न म्हणे मी कळवळे ।
घरी ठेव त्याला, देवा ॥

हात धरून उठवणं मार्कचं आहे. क्रम लूकचा धरलाय, कारण मार्कमध्ये पेत्र आधी जाळी सोडतो आणि मग सासूचा ताप जातो, लूकमध्ये ताप आधी आणि जाळी सोडणं नंतरच्या अध्यायात. लूकच्या क्रमाने गेलं की ही बाई बरी होते, जेवण वाढते, आणि ज्याला वाढतेय तोच आपल्या जावयाला नेणार आहे हे तिला अजून माहीत नसतं. पुढच्या ओवीत तिला ते उमगतं. माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच गल्लीतल्या आया होत्या. घरातला कमावता माणूस होडी सोडतो म्हणजे काय होतं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या संध्याकाळी शेवटच्या चरणात मी ‘प्रभो’ घातलं होतं. एका म्हाताऱ्या मावशीने मला मध्येच थांबवलं, “प्रभो नको गो, तोंडात बसत नाही, देवा घाल.” घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांना ओव्या पाठ होत्या. तिसऱ्या आठवड्यात बायका आपणहून विचारायला लागल्या की ही सासू नंतर कुठे गेली, पेत्राची बायको त्याच्याबरोबर गेली का. मी त्यांना करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय नऊ उघडून दाखवलं. पौल तिथे म्हणतो की केफा, म्हणजे पेत्रच, आपल्या बायकोला बरोबर घेऊन फिरतो. ज्या बायकांनी आयुष्यात पौलाचं पत्र उघडलं नव्हतं त्या त्यातलं वचन शोधत होत्या, आणि ते ओवीमुळे झालं होतं.

मग आमचे एक मामा उभे राहिले. सख्खे नव्हेत, नात्यातले, पॅरिश कौन्सिलवर होते. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, ओवी ही आपली नव्हे, आपल्या देवळात ती नको. दोन, “ही बाळं कुठून आली? बायबलमध्ये पेत्राला मुलं आहेत कुठे? तू शुभवर्तमान लिहायला बसलीस का?” तिसरी गोष्ट वर लिहिलीच आहे, बायकांचं काम नव्हे ती. फादर नवीन होते, ते गप्प राहिले. पुढच्या सोमवारपासून पुन्हा सरळ वाचन सुरू झालं आणि पुन्हा डुलक्या सुरू झाल्या.

त्या दिवशी मी मोठ्या माणसाला उलट बोलले नाही. इथे बोलते.

मामांचा पहिला मुद्दा ख्रिस्तपुराणापुढे टिकत नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एका येशूसंघीयाने वरिष्ठांच्या परवानगीने अकरा हजार ओव्या छापल्या, आणि आम्ही आज म्हणायचं की ओवी परकी? ख्रिस्ती होताना आमच्या पूर्वजांनी आपला गळा किनाऱ्यावर ठेवून दिला नव्हता.

दुसऱ्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण तुमचा प्रश्नही तोच आहे. मामा दर नाताळला चर्चचा गोठा स्वतः उभारतात. त्यात बैल असतो, गाढव असतं, तीन राजे असतात. लूक उघडा. बाळ गव्हाणीत ठेवलं, एवढंच आहे. बैल नाही, गाढव नाही. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आले, बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाच्या गव्हाणीला, ह्या वचनातून. संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेच्चोला गोठा मांडला तेव्हा खरेच बैल आणि गाढव आणून उभे केले. मत्तय मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणतो, राजे म्हणत नाही, आणि ते किती होते हेही सांगत नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशी तीन दानं होती म्हणून माणसंही तीन धरली गेली. गॅस्पर, मेल्क्योर, बाल्थाझार ही नावं फार नंतरची.

पुढे जाऊ. उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाची चौदा स्थानांवरची प्रार्थना, करताना सहाव्या स्थानाजवळ मामा सगळ्यांच्या आधी गुडघे टेकतात. वेरोनिका प्रभूचं तोंड पुसते ते स्थान. चारही शुभवर्तमानांत वेरोनिका नाही. प्रभू क्रूसाखाली तीनदा पडल्याचंही कुठे लिहिलेलं नाही. तरी पिढ्यानपिढ्या माणसं तिथे रडली आहेत आणि त्यांचं रडणं खरं होतं. मीही तिथे गुडघे टेकते. मग वेरोनिकेचा रुमाल चालतो आणि पेत्राच्या दारातलं रडणारं मूल चालत नाही, असं का? रुमाल शेकडो वर्षं जुना आणि मूल आमच्या कोळीवाड्यातलं, याशिवाय मला दुसरं कारण दिसत नाही.

आणि ज्या येशूसंघाचा स्टीफन्स होता, त्याच्या संस्थापकाने तर ही साधनाच शिकवली. संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात ते सांगतात की ख्रिस्तजन्माचं ध्यान करताना नाझरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट मनाने बघा. किती लांब, सपाट की दऱ्याखोऱ्यांतून, गुहा मोठी की लहान, छत किती ठेंगणं. मरिया आणि योसेफ यांच्याबरोबर ते एक दासीही चालवतात. ही दासी कुठल्याच शुभवर्तमानात नाही. संतांनी ती घातली, कारण ध्यान करणाऱ्याला त्या गुहेत हात पुढे करायला कुणीतरी हवं.

तेव्हा पाप होईल का या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: वचन जिथे गप्प आहे तिथे तुम्ही बोला, वचन जिथे बोलतं तिथे तुम्ही गप्प राहा. प्रभूच्या तोंडी नवीन वाक्य घालू नका. मी एकही घातलेलं नाही. सासू बोलेल, होडीतला मजूर बोलेल, काना गावच्या लग्नात रांजण भरणारा नोकर बोलेल. प्रभू बोलेल ते फक्त लिहिलेलं. चमत्कार फुगवू नका. योहानाच्या शेवटच्या अध्यायात जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे आले, तर एकशे त्रेपन्नच राहू द्या.

आणि गालीलला कोकण करू नका. हे मला जाम खटकतं. अनेक हौशी कवी तिथे माड लावतात, भरती-ओहोटी आणतात, पापलेट पकडतात. ते गोड्या पाण्याचं सरोवर आहे, साधारण एकवीस किलोमीटर लांब आणि तेरा रुंद, समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून जास्त खाली. भोवती डोंगर, आणि वारा त्या डोंगरांवरून एकाएकी खाली कोसळतो, म्हणून तिथलं वादळ अचानक उठतं. तुम्ही कोळ्यांना भरती-ओहोटीचं सरोवर सांगितलंत तर पहिल्याच ओवीला तुमच्यावरचा विश्वास उडेल. आपलं जे घालायचं ते माणसाच्या मनात घाला. थकवा आपला चालेल, भूक चालेल, वाट बघणं चालेल. माझे वडील फार बोलायचे नाहीत. योहानाचा तो अध्याय, रात्रभर जाळं रिकामं आणि पहाटे किनाऱ्यावर प्रभू कोळशावर मासे भाजत बसलाय, हा त्यांना ओवीतून ऐकवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “रात्र फुकट गेलेल्या माणसाला सकाळी कुणी ‘ये, जेव’ म्हटलं तर तो रडेल.” ते मी ओवीत घेतलं. पेत्र पाण्यात उडी टाकतो हे योहानाचं, काठावर येऊन रडतो हे माझ्या वडिलांचं.

छंदाचं विचारलं होतंत. ग्रंथातली ओवी घ्या, पहिले तीन चरण यमकाचे, चौथा आखूड आणि मोकळा. अभंगही चालेल, पण अभंगात गोष्ट पुढे सरकवणं अवघड जातं, तो एका भावावर घोटाळतो. लिहून झालं की कागद बाजूला ठेवून एखाद्या म्हाताऱ्या बाईला गायला लावा. ती जिथे अडेल तो शब्द काढा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वाचनाच्या जागी हे चालणार नाही, तिथे ठरलेलं वाचनच होतं आणि तेच योग्य आहे. हे घरच्या प्रार्थनेसाठी, वाडीतल्या क्रूसाजवळ म्हणायला, मुलांच्या वर्गाला. मुलांना मात्र प्रत्येक वेळी सांगा की यातलं वचन कुठलं आणि ओवीकाराचं कुठलं, नाहीतर मोठेपणी ती पेत्राची मुलं बायबलमध्ये शोधत बसतील. फादरना आधी दाखवा. आणि मामांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते: 1991 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी शुभवर्तमानातल्याच प्रसंगांची क्रूसाची वाट केली, त्यात वेरोनिका नव्हती. म्हणजे फक्त लिहिलेलंच हवं ही ओढसुद्धा भक्तीचीच आहे, तिला मी हसत नाही. पण त्यांनी जुनी वाट बंद केली नाही. आमच्याकडे ओवी बंद केली गेली.

आमच्या बायकांनी त्याच वर्षी मे महिन्यात गल्लीतल्या क्रूसाजवळ त्या ओव्या म्हटल्या, परवानगी न विचारता, बाळांसकट. सुरुवातीला तुम्हीही सासूचाच प्रसंग घ्या. लहान आहे, आणि त्या बाईला अजून खूप काही बोलायचं बाकी आहे.