"मॅडम, तिच्या मनात आहे की नाही, तेवढंच सांगा"

पंचविशीतली मुलं माझ्याकडे येतात ती झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष नाही असं म्हणत. खरं दुखणं अर्ध्या तासाने बाहेर येतं. सागरचंही तसंच झालं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मराठवाड्यातल्या एका गावातून पुण्यात एमपीएससीसाठी आलेला, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारा मुलगा. प्री निघालेली, मेन्स तोंडावर, आणि पुस्तक उघडलं की डोळ्यांपुढे पल्लवी.

त्याने सोबत एक रजिस्टर आणलं होतं. पुढून राज्यघटनेच्या नोट्स, मागच्या पानांवर पल्लवीच्या 'खुणा'. खुर्चीवर बॅग ठेवून माझ्यासाठी जागा धरली. गावाहून आलेली शेंगदाण्याची चटणी दिली. स्टेटस टाकल्यावर दोन मिनिटांत बघितलं. चहाला जाताना "येतोस का" विचारलं. 'गुड नाइट'ला हसरी इमोजी. प्रत्येक नोंदीपुढे तारीख. पोरगा अधिकारी झाला तर दप्तर चोख ठेवेल, असं मनात येऊन गेलं.

ती यादी मी हसण्यावारी नेली नाही. आवड असली की ती वागण्यात उतरतेच. माणूस जवळ बसायला निमित्त शोधतो, तुम्ही मागे सहज बोललेलं लक्षात ठेवतो, बोलणं संपत आलं की नवा विषय काढतो. अडचण एवढीच की यातलं बरंचसं चांगल्या मैत्रीतही होतं. म्हणून प्रत्येक नोंदीवर मी दोन प्रश्न विचारत गेले. असं ती आणखी कुणाशी वागते? आणि सुरुवात कुणी केली होती?

चटणी टेबलावरच्या चौघांना मिळाली होती. जागा जो आधी येईल तो सगळ्यांसाठीच धरायचा. 'गुड नाइट' रोज आधी सागरचं जायचं. स्टेटस कुणी किती वाजता पाहिलं एवढंच फोन दाखवतो. त्या वेळी तिच्या हातात मोबाइल होता, यापलीकडे त्यातून काही निघत नाही. शेवटी एक नोंद उरली. सागरच्या आजीचं ऑपरेशन झालं तेव्हा पल्लवीने आपणहून रोज फोन करून चौकशी केली होती. दुसऱ्या कुणासाठी तिने असं केल्याचं त्याला आठवत नव्हतं. ही नोंद वजनाची आहे, हे मी त्याला सांगितलं. पण ती आपुलकी कुठल्या जातीची, हे ना मला ठरवता येणार होतं ना त्याला.

हा घोळ होतो याचं मला नवल वाटत नाही. शाळेत मुली एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला. कॉलेजात कुणी कुणाशी बोललं की चिडवाचिडवी. वर 'हसली की फसली' हे मित्रांकडून मिळालेलं ज्ञान. अशा मुलाशी पहिल्यांदाच एखादी मुलगी मोकळेपणाने बोलली की तो मोकळेपणाच खूण वाटू लागतो. अमेरिकेतही वेगळं काही नाही. 1982 साली अँटोनिया ॲबी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनोळखी मुलामुलींना पाच मिनिटं गप्पा मारायला लावल्या; मुलींचं साधं मनमिळाऊ वागणं मुलींपेक्षा मुलांना जास्त सूचक वाटलं. पुढे 2014 मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या संशोधकांनी 52 जोड्यांवर असाच प्रयोग केला. समोरचा खरोखर फ्लर्ट करत होता तेव्हा ते 36 टक्के मुलांना आणि जेमतेम 18 टक्के मुलींना ओळखता आलं. तसं काही नव्हतं तेव्हा मात्र 80 टक्क्यांहून जास्त जणांचा अंदाज बरोबर निघाला.

एमपीएससीवाल्याला आकडेवारी भावतेच. "म्हणजे माझ्याही नजरेतून सुटलं असेल," सागर लगेच म्हणाला. असेलही. म्हणून तर यादी लांबवण्यात अर्थ नव्हता. विचारणं भाग होतं.

विचारायचा त्याचा बेत ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. पल्लवीच्या वाढदिवसाला अभ्यासिकेखाली केक, मित्रांचा घोळका, मोबाइलवर शूटिंग, आणि सगळ्यांसमोर प्रपोज. मी त्याला पल्लवीच्या खुर्चीत बसवलं. तिच्या वडिलांनी दोन वर्षांची मुदत देऊन तिला पुण्याला पाठवलंय, हे त्यानेच मला सांगितलं होतं. अभ्यासिकेतली कुजबुज गावी पोचली तर तिचं बोचकं परत जाणार. त्याचं जाणार नाही. पंधरा डोळे रोखलेले असताना 'नाही' म्हणणं अवघड, आणि तिथे आलेल्या 'हो'वर विश्वास तरी कसा ठेवायचा?

मग आम्ही वाक्यावर काम केलं. त्याचा पहिला मसुदा फुलस्केपभर होता. घासूनपुसून उरलं ते असं: "मला तू आवडतेस. रविवारी दोघंच नाष्ट्याला जाऊया का? नको असेल तर सरळ नको म्हण, नोट्स आणि ग्रुप आहे तसाच चालू राहील." हे दिवसाढवळ्या बोलायचं, माणसं असतील पण ऐकणार नाहीत अशा ठिकाणी. मित्राकरवी निरोप नाही, रात्रीचा मेसेज नाही, आणि उत्तर तिथल्या तिथे मागायचं नाही.

तो बोलला. पल्लवी म्हणाली, "आत्ता डोक्यात फक्त मेन्स आहे रे. परीक्षा झाल्यावर बघू."

पुढच्या भेटीत सागरचा चेहरा उजळलेला. "मॅडम, म्हणजे हो ना? परीक्षेनंतर!" त्याने दिवस मोजायला सुरुवातही केली होती. इथे मला जरा कठोर व्हावं लागलं. ज्याला यायचंय तो दुसरी वेळ सांगतो: रविवार नको, बुधवारी चालेल. पल्लवीने वेळ दिली नव्हती. 'बघू', 'अभ्यास आहे', 'घरचे चिडतील' ही उत्तरं नकारच समजायची. उद्या तिचं मन खरंच बदललं, तर सागर कुठल्या खुर्चीवर सापडतो हे तिला ठाऊक आहे. त्याने पुन्हा विषय काढायचा नाही.

नकारानंतरही मागे लागणं, पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, तिच्या ऑनलाइन असण्यावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, हेही मी त्याला सांगितलं. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. सरकारी नोकरीआधीच्या चारित्र्य पडताळणीची आठवण त्याला करून द्यायची गरज पडली नाही.

अशा गोष्टीतल्या पल्लवीही माझ्याकडे येतात. "त्याला वाईट वाटू नये म्हणून अभ्यासाचं सांगितलं, आता तो परीक्षा संपायची वाट बघतोय," ही त्यांची तक्रार. मी म्हणते, कारण देऊ नका. कारण दिलं की समोरचा ते दूर करायच्या मागे लागतो. "मला तसं वाटत नाही" एवढं पुरतं. ज्याच्या स्वभावाची भीती वाटते त्याला एकटीने गाठून सांगायचं नाही. मैत्रीण सोबत घ्या, नाहीतर मेसेज करा आणि तो जपून ठेवा.

सागरचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात शहाणा वाटला. "आता तिच्याशी वागायचं कसं?" दोनचार दिवस अवघडल्यासारखं होईल, होऊ दे, मी म्हटलं. झेपत नसेल तर थोडे दिवस लांबच्या खुर्चीवर बस आणि तिला तसं साधेपणाने सांग. ग्रुपमध्ये टोमणे मारायचे नाहीत, दुःखी स्टेटस टाकायचे नाहीत. मित्रांनी विचारलं तर विषय संपला म्हणून मोकळं व्हायचं. आणि राज्यघटनेच्या नोट्स तिच्याकडे आहेत, त्या मेन्स होईपर्यंत परत मागायच्या नाहीत.