सोलापुरात बी.एस्सी. करताना जोडताऱ्यांवरच्या संशोधनाची तयारी कशी करावी?

तुम्ही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, पुढे जोडताऱ्यांवर, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांवर, संशोधन करून फिजिक्स शिकवायचंय, पण कॉलेजात दुर्बीण नाही. दुर्बिणीसाठी अडून राहू नका.

आधी अल्गोल बघा. ययाती तारकासमूहातला हा जोडतारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी झाकोळतो, कारण मंद जोडीदार समोर येऊन ग्रहण लागतं. तेव्हा प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ वर जाते. हिवाळ्यात तो सोलापुरात ६७ अंशांपर्यंत चढतो, गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना दिसतो. तेज किमान होण्याच्या तीन तास आधीपासून तीन तास नंतरपर्यंत, दर १५ मिनिटांनी तुलनेने प्रत लिहा. तुलनेला देवयानीतला गॅमा (२.१), ययातीतले एप्सिलॉन (२.९) आणि कप्पा (३.८) घ्या. अगदी शेजारचा ऱ्हो घेऊ नका. तो स्वतःच रूपविकारी आहे, म्हणजे त्याचं तेज बदलतं, सगळा आलेख बिघडतो. आधीच्या नोंदी झाकून ठेवा, नाहीतर हात आपोआप अपेक्षित आकडा लिहितो. आलेखाची उतरती आणि चढती बाजू जुळवून मधली, म्हणजे तेज किमान असण्याची, वेळ काढा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून त्या वेळेत ८ मिनिटांपर्यंत फरक पडतो, ती दुरुस्ती करा.

मग नासाच्या टेस उपग्रहाने घेतलेली ताऱ्यांच्या तेजाची मापं घ्या. ती नेटवर फुकट आहेत. पायथनमधलं लाइटकर्व्ह पॅकेज पुरतं. इथे दोन चुका हमखास होतात. एका फेरीत दोन ग्रहणं होतात, आळीपाळीने एकेक तारा झाकला जातो. दोन्ही सारख्या खोलीची असली, म्हणजे तेज सारखंच घटलं, की संगणक खऱ्याच्या निम्मा आवर्तकाल देतो. म्हणून दुप्पट काल घालूनही प्रकाशवक्राची (तेज-वेळ आलेखाची) घडी करून, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवून, बघा, एकाआड एक ग्रहणांत बारीक फरक सापडतो. दुसरं, टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) रुंद असतो. शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश मिसळला तर ग्रहण उथळ दिसतं आणि त्रिज्या चुकते.

नुसत्या प्रकाशवक्रातून वस्तुमान काढल्याचा दावा मात्र करू नका. त्यातून कक्षेचा कल आणि दोन ताऱ्यांमधल्या अंतराच्या तुलनेत त्यांच्या त्रिज्या मिळतात, किलोमीटर मिळत नाहीत. त्यासाठी वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्यावरून दोन्ही ताऱ्यांचे वेग हवेत. प्रकाशवक्र आणि वेग दोन्ही हाती आले, की केप्लरच्या तिसऱ्या नियमाने तारा अक्षरशः तोलता येतो. या विषयाचं खरं मोल मला यातच वाटतं.

परीक्षांचं थोडक्यात: एम.एस्सी.ला जॅम, पीएच.डी.ला नेट, जेस्ट आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची प्रवेशपरीक्षा. महाराष्ट्रात कॉलेजात शिकवायला नेटऐवजी सेट ही राज्याची परीक्षाही चालते. मार्गदर्शकाला मेल करताना गुणपत्रिकेसोबत स्वतः काढलेली तेज किमान होण्याची एक वेळ, तिच्या त्रुटीच्या आकड्यासह आणि आलेखासह, जरूर जोडा.