‘अर्जात तथ्य नाही’ एवढ्यावरच मॅटने निकाल दिला तर?

प्रश्न : विभागीय चौकशीनंतर माझ्या दोन वेतनवाढी रोखल्या. मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी करू दिली नाही, हा मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) माझा प्रमुख मुद्दा होता. सहा पानी निकालात दोन्ही बाजूंचे म्हणणे उतरवून शेवटी म्हटले आहे, ‘अर्जात तथ्य आढळत नाही, सबब फेटाळण्यात येतो.’ उच्च न्यायालयात जाता येईल का?

उत्तर : येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून मॅटच्या निर्णयाविरुद्ध आधी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडेच रिट याचिका करावी लागते. मात्र हे अपील नव्हे. ‘निकाल चुकला’ म्हणून गेलात तर खंडपीठ पुरावा पुन्हा तोलत बसणार नाही. ‘माझ्या मुद्द्याला उत्तरच दिलेले नाही’ ही तक्रार ऐकली जाते. तुमच्या सहा पानांत कारणमीमांसेची एक ओळ आहे, आणि तीही कारण सांगत नाही.

खरी मेख वेगळीच आहे. उलटतपासणीचा मुद्दा मॅटपुढे मांडल्याचे कागदावर दिसते का? मूळ अर्जातला परिच्छेद, प्रत्युत्तर, लेखी युक्तिवाद, सगळे चाळा. मुद्दा नुसता तोंडी मांडला असेल आणि निकालात उल्लेख नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा रामदास नायक निकाल आडवा येतो. त्यानुसार सुनावणीत काय घडले याबद्दल निकालपत्रातली नोंद प्रमाण, ती चुकीची वाटली तर त्याच न्यायाधीशांकडे आठवण ताजी असतानाच जायचे. अशा वेळी आधी मॅटकडे फेरविचार अर्ज करावा. त्याची मुदत थोडी असते, त्यामुळे प्रमाणित प्रत आजच मागा.

सरकारी वकील बहुधा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा एस. एन. मुखर्जी निकाल पुढे करतील : मूळ आदेशातली कारणे पटली असतील तर अपिलीय अधिकाऱ्याने ती पुन्हा लिहायची गरज नाही. हेच मॅटलाही लागू, असा त्यांचा रोख असेल. पण शिक्षेच्या आदेशात उलटतपासणीबद्दल अवाक्षर नसेल, तर पटायला होते काय? तो आदेश पुन्हा वाचा आणि याचिकेत त्यातला नेमका परिच्छेद दाखवा.

जिंकलात तरी वेतनवाढी लगेच हाती पडतील असे धरू नका. बहुतेकदा निकाल रद्द होतो आणि प्रकरण कारणांसह नव्याने ठरवायला मॅटकडे परत जाते. म्हणून याचिकेतच कालमर्यादेची विनंती करा, आणि वसुली सुरू असेल तर स्थगिती मागा. चौकशीचा रोजनामा (रोजच्या कामकाजाची नोंद) सोबत जोडायला विसरू नका, विशेषतः उलटतपासणी नाकारली त्या तारखेचा.