पत्रा, कागद आणि मग किंमत

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे भाव चढल्याच्या बातम्यांनंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: आमच्या गाडीचे किती येतील? त्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न (विलेपार्ले) : सासऱ्यांची 1968ची एमजीबी रोडस्टर 11 वर्षं शेडमध्ये उभी आहे. फेरारीला कोट्यवधी डॉलर मिळाल्याचं वाचलं. एका दलालाने शेडच्या दारातूनच आकडा सांगितला. विकावी, की आधी दुरुस्त करून रंगवून घ्यावी?

फेरारीची बातमी आधी बाजूला ठेवा. ऑगस्ट 2018मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटरेच्या लिलावात 250 जीटीओ 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली, हे खरं. पण त्या गाड्या बनल्याच 36. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून जास्त बनली. इंग्लंडात ती आजही सहज मिळते आणि तिचे पार्टही मिळतात. आपल्याकडे त्या काळी आयातीवर कडक निर्बंध होते, म्हणून इथे थोड्याच आल्या. त्यामुळे तिथला भाव रुपयांत गुणून इथला भाव निघत नाही. जाहिरातीतला आकडाही विकणाऱ्याची अपेक्षा असते, सौदा कितीला झाला ते त्यात नसतं.

दलालाने वाकून गाडीखाली पाहिलं नाही, हे मात्र आम्हाला खटकलं. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नाही. रोडस्टरला छतही नाही, म्हणून गाडीचा ताठपणा मुख्यतः सिलवर, म्हणजे दाराखालच्या लांब पोकळ पट्टीवर, असतो. हे सिल म्हणजे एकच पत्रा नाही: बाहेरचा सिल, मधला पडदा, आतला सिल आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी. मुंबईच्या पावसाळ्यात पाणी आत उतरतं, चिखलाने निचऱ्याची भोकं बुजतात आणि पत्रा आतून सडत जातो. बाहेरून मात्र रंग तुकतुकीत दिसतो.

तपासणी घरीच करता येते. लहान चुंबक पातळ कापडात गुंडाळून सिलवर, चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे तो सैल पडेल तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग दार बंद करून दाराची मागची फट वर आणि खाली बोटाने चाचपा. त्या बाजूला जॅक लावून गाडी थोडी उचला आणि फट पुन्हा बघा. ती बदलली किंवा दार अडकू लागलं, तर बॉडी वाकते आहे. जॅक वर जाताना करकर आवाज आला तर तिथेच थांबा.

सिल बदलायचे झाले तर दारं जागेवर असताना, दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून आणि गाडीचं वजन नीट पेलून वेल्डिंग करायला सांगा. दारं काढून, गाडी मधोमध जॅकवर टेकवून सिल कापला की बॉडी बसते. मग नवा सिल त्या वाकड्या मापात पक्का होतो आणि पुढे दार कधीच नीट लागत नाही. हे काम पुन्हा करायचं म्हणजे नवे सिलही कापून टाकायचे.

किंमत ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे नंबर. बॉनेटखालच्या पट्टीवर या काळातल्या रोडस्टरचा चासी नंबर जीएचएन4ने सुरू व्हायला हवा आणि इंजिनाचा 18जीने. दोन्ही आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. अ‍ॅम्बॅसॅडरचं 1489 सीसी इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या याच बी-सिरीज घराण्यातलं आहे, म्हणून पार्ट मिळेना तेव्हा त्याचं इंजिन किंवा सुटे भाग बसवलेले असू शकतात. गाडी चालते, पण जाणकार गिऱ्हाईक तेवढे पैसे कापतो. इंग्लंडातला ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट कारखान्याच्या नोंदींवरून दाखला देतो. त्यात बनल्याची तारीख, मूळ रंग आणि इंजिन नंबर मिळतो. विकण्याआधी करायचा हा खर्च वाया जात नाही.

विकायचीच असेल तर रंगवू नका. ताज्या रंगाखाली काय दडलंय, असा संशय पहिल्याच नजरेत येतो. धूळ पुसा आणि कागद फाइलला लावा. चालती करायची असेल तर थेट स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एक दिवस राहू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. फिरलं तर जुनं पेट्रोल टाकीतून पूर्ण काढा, 20डब्ल्यू-50 ऑइल आणि फिल्टर बदला. ब्रेक आणि क्लचचे सगळे रबर नवे टाकल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका. किल्ली फिरवली की मागे पेट्रोलच्या (एसयू कंपनीच्या) पंपाची टिकटिक ऐकू येते. कार्बोरेटर भरले की ती थांबते. थांबलीच नाही तर कुठेतरी गळती आहे किंवा कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई बसत नाही. आवाजच आला नाही तर बहुधा पंपाचे पॉइंट चिकटलेत.

प्रश्न (मुलुंड) : इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं इंजिन खराब होतं का? मेकॅनिक म्हणतो, काही होत नाही.

होतं, पण इंजिनाच्या आधी रबराचं. 20 टक्के इथेनॉलने जुने होज मऊ पडतात, फुगतात आणि चिरतात. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकलं की आग लागते, म्हणून हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे होज बदला. नव्या होजवर '30आर9' हा दर्जा छापलेला असला पाहिजे. एसयू एचएस4 कार्बोरेटर असेल तर फ्लोटच्या वाटीतून जेटला जाणारी बारीक नळी हमखास विसरली जाते, तीही बदला. इथेनॉल जुन्या टाकीतला थर सोडवतो, म्हणून पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलावा लागतो.

याच पेट्रोलने हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळही होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. इंजिन पूर्ण गरम करा, एअर फिल्टर काढा आणि कार्बोरेटरचा पिस्टन खालच्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम पडला तर मिश्रण पातळ आहे. चढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त झालंय. क्षणभर किंचित चढून स्थिरावला तर बरोबर. पातळ असेल तर जेटचा नट एका वेळी एक बाजू, म्हणजे सहावा हिस्सा फेरा, खाली घ्या आणि पुन्हा बघा.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर पंपाची वायर काढा आणि इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू द्या. कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या होतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतो आणि मुंबईच्या जुलैत त्याला पाण्याची कमी नाही.

शिशाचं पेट्रोल देशात 1 फेब्रुवारी 2000पासून बंद झालं. व्हॉल्व्हच्या सीटला झिजेपासून जपणारं शिसं गेलं, म्हणून तेव्हापासून इंजिनाचं हेड उघडलेलं नसेल तर टॅपेटकडे लक्ष ठेवा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा टॅपेट गॅप सेट करूनही वारंवार कमी होत असेल तर व्हॉल्व्ह सीट खचते आहे. हेड उतरवून कठीण सीट बसवून घ्या.

प्रश्न (गिरगाव) : वडील गेले, आरसी अजून त्यांच्या नावावर. गाडी 52 वर्षांची. थेट व्हिंटेज नोंदणी करता येईल का? जुना नंबर जाईल का?

आधी वारसाच्या नावावर करून घ्या. ताडदेव आरटीओत फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि इतर वारसांची ना हरकत लागेल. नियमाप्रमाणे मालक गेल्याचं 30 दिवसांत कळवायचं असतं. उशीर झाला असेल तर तसंच सांगून अर्ज करा, लपवू नका.

व्हिंटेज नोंदणीचे नियम जुलै 2021चे आहेत. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात राहिलेली गाडी त्यात बसते. अर्ज फॉर्म 20वर, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. नवीन नोंदणीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. आधीच नोंदलेली गाडी आपला मूळ नंबर ठेवू शकते, म्हणून त्याची धास्ती नको. खरी अडचण वेगळी आहे: व्हिंटेज नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल यांपुरतीच मुभा आहे. दर रविवारी लोणावळ्याला जायचं असेल तर चालू आरसी जिवंत ठेवणंच बरं.

प्रश्न (परळ) : स्पोर्ट्स गाडी परवडत नाही. प्रीमियर पद्मिनी घेऊन ठेवावी का?

आवडत असेल तर जरूर घ्या. कुर्ल्यात बनलेली ही गाडी मुंबईत जपली जावी असं आम्हाला मनापासून वाटतं. पण खासगी म्हणून विकली जाणारी गाडी पूर्वी टॅक्सी होती का, ते पाहा. छतावर कॅरियरची बुजवलेली भोकं, मीटर बसवल्याच्या खुणा, डिकीत गॅसच्या टाकीचे बोल्ट आणि दाराच्या आतल्या कडेला काळ्या-पिवळ्या रंगाचे ठिपके शोधा. टॅक्सी असली तरी वाईट नाही, भाव मात्र तसा लागला पाहिजे.

प्रश्न (दादर) : गाडी नफ्यात विकली तर कर लागतो का?

स्वतःच्या वापरातली गाडी प्राप्तिकर कायद्यात वैयक्तिक वापराची वस्तू धरली जाते. ती भांडवली मालमत्तेत येत नाही, म्हणून नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने आणि चित्रांना ही सवलत नाही. गाड्या घेऊन विकण्याचा सिलसिला असेल तर तो धंदा ठरतो आणि कर लागतो. म्हणून सर्व्हिसची बिलं, विम्याचे कागद, टोलच्या पावत्या जपून ठेवा. गाडी तुम्ही खरंच चालवत होता, हे दाखवायची वेळ आली तर तीच उपयोगी पडतात.